कोरियात रात्री ११ पर्यंत शाळा भरते? नाही हो, तसं नाहीये ते

"कोरियात शाळा सकाळी ८ ते रात्री ११" असला मेसेज कित्येक वर्षं फिरतोय, आणि एक्स्चेंजवर तिकडच्या शाळेत जाणारी परदेशी पोरंही तेच डोक्यात घेऊन जातात. अर्धं खरं आहे, म्हणूनच तर टिकलंय.

हायस्कूलचा तास ५० मिनिटांचा, आणि शिकवणं साधारण दुपारी चार-पाचपर्यंत आटपतं. पाहुणी पोरं हेच बघतात: दारात बूट काढून घरातल्यासारख्या स्लिपर घालायच्या, दुपारी खाचा असलेल्या स्टीलच्या ताटात भात, सूप, किमची, म्हणजे आपल्या मेसचंच ताट जवळपास.

मग रात्रीचं काय? त्याला म्हणतात 'याजा', म्हणजे रात्रीचा स्वयंअभ्यास. कोणी शिकवत नाही, नुसतं बसून वाचायचं. आता नावात 'स्वयं' असलं तरी पूर्वी बऱ्याच शाळांत ती सक्तीच होती (नावावर जाऊ नका!), पण ग्यॉन्गी प्रांताने २०१० मध्ये विद्यार्थी हक्कांचा नियम केला त्यात अशा सक्तीला मनाई आली.

उरलेली पोरं दिसतात ती हागवनमध्ये, म्हणजे खाजगी क्लासला, आणि सोलमध्ये तर क्लासवाल्यांनाच रात्री १० ला शटर पाडायचा नियम आहे, क्लासवाले त्याविरुद्ध कोर्टात गेले तरी २००९ मध्ये घटना न्यायालयाने तो कायम ठेवला. १० नंतर दिवा घरी जळतो, तो नोव्हेंबरातल्या सुनुंग, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेपायी, त्याला शाळेची वेळ कशी म्हणणार?