पर डिएम नर्सला शुगर-बीपी असेल तर इन्शुरन्स मिळत नाही? मिळतो!

अमेरिकेत नर्सिंग करणाऱ्याला हे कोणी ना कोणी सांगतंच, की फुल टाइम सोडून पर डिएम (लागेल तेव्हा, दिवसाच्या हिशोबाने) शिफ्ट घेऊ नको, शुगर-बीपी असेल तर बाहेर स्वतःचा इन्शुरन्स मिळतच नाही. 2014 च्या आधी बऱ्याच राज्यांत हे खरं होतं, कंपन्या सरळ नाही म्हणायच्या. पण ओबामाकेअरचा, म्हणजे अमेरिकेच्या आरोग्य विमा कायद्याचा, नियम 2014 ला लागू झाला आणि तेव्हापासून मार्केटप्लेसच्या (स्वतःचा इन्शुरन्स घ्यायची सरकारी बाजारपेठ) प्लॅनला जुना आजार बघून नकारही देता येत नाही आणि प्रीमियमही वाढवता येत नाही. वय, राहायचं ठिकाण, तंबाखू, यावर फरक पडतो.

खरी भानगड उत्पन्नाची आहे. मार्केटप्लेसच्या प्रीमियमवर मिळणारी सरकारी सबसिडी वर्षभराच्या अंदाजे कमाईवर ठरते, आणि पर डिएमवाल्याला जानेवारीत काय माहीत की पुढे किती शिफ्ट कॅन्सल होणार नि किती डबल कराव्या लागणार! कमाई अंदाजापेक्षा जास्त झाली तर टॅक्स भरताना जादाची सबसिडी परत करायची, आणि 2026 पासून त्या परतफेडीला वरची मर्यादाच उरलेली नाही, म्हणून कमाईचा आकडा बदलला की मार्केटप्लेसवर लगेच अपडेट करा, आळस नको.

नोकरीचं कव्हर गेलं की 60 दिवसांत प्लॅन निवडायचा, नाहीतर ओपन एनरोलमेंटची (वर्षातून एकदा प्लॅन घ्यायची मुदत) वाट बघत बसा. कोब्रा आहे, म्हणजे जुन्या नोकरीचाच प्लॅन पुढे चालू ठेवायची सोय, साधारण 18 महिने, पण पूर्ण प्रीमियमच्या 102 टक्क्यांपर्यंत स्वतः भरायचं म्हटल्यावर डोळेच पांढरे होतात. आणि स्वस्तातले शॉर्ट टर्म प्लॅन दिसले तर जपून, त्यांना ओबामाकेअरचा हा नियम लागू नाही, ते जुना आजार खुशाल नाकारू शकतात.