फॉन्ट-फेस: मराठी अक्षर ब्राउझरपर्यंत कसं आलं

आज मराठी संकेतस्थळ बनवणारा डेव्हलपर 'मुक्ता'सारखा फॉन्ट सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, दोन ओळींत जोडतो आणि पुढच्या कामाला लागतो. फॉन्ट पानाबरोबर पाठवणाऱ्या फॉन्ट-फेस या नियमामुळे वाचकाला काहीही उतरवून घ्यावं लागत नाही. ज्यांनी 'बातम्या दिसत नसतील तर आमचा फॉन्ट डाउनलोड करा' अशा सूचना वाचून महाजालावर मराठी वाचायला सुरुवात केली, त्यांना या दोन ओळींचं मोल वेगळं सांगायला नको.

सीएसएसची पहिली आवृत्ती १७ डिसेंबर १९९६ रोजी डब्ल्यूथ्रीसी या महाजालाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची अधिकृत शिफारस झाली. तिच्यात फॉन्टच्या नावांची यादी तेवढी देता येत असे. यादीतला एखादा फॉन्ट वाचकाच्या संगणकावर असेल तर तो दिसायचा, नसेल तर ब्राउझर हाताशी असेल तो वापरायचा. इंग्रजीची सोय मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी लावली होती: व्हर्डाना, जॉर्जिया असे फॉन्ट मोफत देऊन. देवनागरीच्या वाट्याला तसं काही आलं नाही. विंडोजबरोबर 'मंगल' आला तो विंडोज २०००पासून. त्यानंतरच्या एक्सपीतही भारतीय लिप्या नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि बहुधा विंडोजची सीडी शोधावी लागे.

प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरावीक संकेतांक देणारा युनिकोड तेव्हा नव्हता असं नाही. १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच, भारतीय लिप्यांसाठीच्या 'इस्की' या आधीच्या संकेतप्रणालीच्या आधारावर, देवनागरीला १२८ जागांचा कप्पा मिळाला होता. पण देवनागरीला नुसता संकेत पुरत नाही. 'कि' लिहिताना क आधी साठवला जातो आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर. पडद्यावर मात्र वेलांटी आधी यावी लागते. क् आणि ष यांचा क्ष करावा लागतो, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवावा लागतो. हे काम फॉन्ट आणि संगणकातली अक्षरजुळणीची यंत्रणा मिळून करतात, आणि ती यंत्रणा तेव्हा बहुतेकांच्या संगणकावर नव्हतीच.

म्हणून पळवाट निघाली. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले आठ बिटी फॉन्ट डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या, दुनियेत आधीपासून होते. तेच संकेतस्थळांवर आले. काना एका जागी, अर्धा क दुसऱ्या जागी. पानाच्या पोटात रोमन अक्षरांची निरर्थक रांग, आणि फॉन्ट असेल तरच तिची मराठी. त्यातही ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा आणि तुकड्यांची मांडणीही वेगळी, त्यामुळे शोधयंत्राला या मजकुरातलं काहीच कळत नसे.

१९९७मध्ये नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या दोघांच्याही चौथ्या आवृत्त्यांनी पानाबरोबर फॉन्ट पाठवण्याची सोय दिली, पण प्रत्येकाने फॉन्ट-फाइलचा स्वतःचा साचा पुढे केला. मायक्रोसॉफ्टचा साचा ईओटी. भारतीय भाषांच्या अनेक संकेतस्थळांनी तो उचलला आणि फॉन्ट उतरवून घेण्याची कटकट मिटली, निदान इंटरनेट एक्सप्लोरर वापरणाऱ्यांपुरती. आतला मजकूर मात्र त्याच तुकड्यांच्या भाषेत राहिला. त्या काळात महाजालावर लिहिलेलं कितीतरी मराठी आज रूपांतर केल्याशिवाय वाचताच येत नाही, याची हळहळ वाटते.

खरं तर फॉन्ट-फेस हा नियम मे १९९८च्या सीएसएस २मध्येच लिहिलेला होता. ब्राउझरांनी तो एकसारखा राबवला नाही, म्हणून सीएसएस २.१मधून तो वगळला गेला. फॉन्ट पानाबरोबर गेला की तो कोणीही उचलेल, ही फॉन्ट बनवणाऱ्यांची धास्तीही आड आली. २००७मध्ये सीएसएसचे जनक हॉकोन विउम ली यांनी हा विषय पुन्हा लावून धरला. मार्च २००८मध्ये सफारी ३.१ने साधे ट्रूटाइप फॉन्ट स्वीकारले, जून २००९मध्ये फायरफॉक्स ३.५ने. फॉन्ट बनवणाऱ्यांनाही चालेल असा वॉफ हा साचा डिसेंबर २०१२मध्ये डब्ल्यूथ्रीसीची शिफारस झाला. पुढे मुंबईच्या 'एक टाइप'सारख्या गटांचे खुल्या परवान्याचे देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर आले आणि दारं खऱ्या अर्थाने उघडली.

एक अडचण तरीही उरली: फाइलचं वजन. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकार असतात, आणि फॉन्ट येईपर्यंत अनेक ब्राउझर तीन सेकंदांपर्यंत मजकूरच लपवून ठेवत. सीएसएसमधल्या युनिकोड-रेंज या सूचनेमुळे पानावर देवनागरी असेल तरच देवनागरीचा भाग उतरू लागला. फॉन्ट-डिस्प्ले या दुसऱ्या सूचनेमुळे फॉन्ट येईतोवर संगणकातल्याच फॉन्टमध्ये मजकूर दाखवता येऊ लागला. २०१८मध्ये शिफारस झालेल्या वॉफ २ने फाइल आणखी लहान केली.

लॅटिनच्या मापाने बेतलेली सीएसएस मात्र देवनागरीला अजून नडते. ओळींमधलं अंतर कमी ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. मथळ्यातली अक्षरं लेटर-स्पेसिंगने लांब केली की शिरोरेषा तुटते.

सगळ्यात दुर्लक्षित राहिलेली गोष्ट ल आणि श यांची. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदी छपाईतल्या रूपांहून वेगळे आहेत, पण युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराच्या मराठी आणि हिंदी रूपांचा संकेत एकच. फरक फॉन्टच्या आत असतो: नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठीची रूपं वेगळी ठेवलेली असतात आणि पानाची भाषा मराठी आहे असं कळलं तरच ब्राउझर ती मागवतो. नोव्हेंबर २०२२मध्ये महाराष्ट्र शासनाने देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल यांचा वापर ठरवून दिला. ब्राउझरपुरती ती सोय ओपनटाइप या फॉन्टच्या मानकात आधीपासून होती.

भाषा सांगायची ती एचटीएमएलच्या, म्हणजे पान ज्या भाषेत लिहितात तिच्या, पहिल्याच खुणेत, लँग या गुणधर्मात मराठीचा संकेत 'एमआर' लिहून. तयार साच्यातून सुरू केलेल्या पानात तिथे बहुधा इंग्रजीचा 'ईएन' असतो आणि तो तसाच राहून जातो. मग ब्राउझर फॉन्टमधली मराठी रूपं मागत नाही, आणि अंध वाचकाला पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लावू पाहतो.