मार्स्क, फील्ड मार्शल, जनरल: डॅनिश आर्मीतल्या सगळ्यात वरच्या हुद्द्याची पार्श्वभूमी

डेन्मार्कच्या आर्मीत सगळ्यात वरचा हुद्दा म्हणजे जनरल, चार स्टारवाला, आणि गंमत अशी की आर्मीच्या स्वतःच्या प्रमुखाला तो मिळतच नाही. तो मेजर जनरल असतो. जनरल होतो तो तिन्ही दलांचा मिळून जो एक प्रमुख असतो तो, आणि तोही आर्मीचा किंवा एअरफोर्सचा असला तरच, कारण नेव्हीवाला त्या खुर्चीत बसला की तो ॲडमिरल. मग त्या काळात अख्ख्या आर्मीत कामावरचा जनरल एकही नाही असंही होऊ शकतं. हे असं का झालं ते कळायला बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात घोड्यांपासून आहे. मध्ययुगात तिथे राजाच्या सैन्याचा प्रमुख म्हणजे मार्स्क. हा शब्द मुळात जुन्या जर्मन बोलीतला, घोडा आणि नोकर हे दोन शब्द जोडून झालेला, म्हणजे सरळ मोतद्दार. इंग्रजीतला मार्शल तिथूनच आला, त्यामुळे आपण फील्ड मार्शल माणेकशॉ म्हणतो तेव्हा त्यातही तोच पागेतला माणूस लपलेला आहे. घोडदळावरच लढाई ठरायची त्या काळात घोडे ज्याच्या ताब्यात तो माणूस हळूहळू मोठा होत गेला आणि मोतद्दाराचं काम बड्या सरदार घराण्यांकडे गेलं.

यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे मार्स्क स्टिग, पूर्ण नाव स्टिग अँडरसन व्हिडं. २२ नोव्हेंबर १२८६ च्या रात्री राजा पाचवा एरिक, ज्याला क्लिपिंग म्हणायचे, शिकारीनंतर विबॉर्गजवळ फिनरूप गावात एका कोठारात झोपला होता. तिथे त्याला भोसकून मारलं. अंगावर ५६ जखमा होत्या असं सांगतात, मारेकरी साधूंच्या वेशात आले होते असंही लोककथेत येतं, खरंखोटं आता कोण सांगणार. पुढच्या वर्षी नायबॉर्गच्या सभेत स्टिग आणि त्याच्या साथीदारांना दोषी धरून हद्दपार केलं, तो नॉर्वेच्या राजाकडे गेला, मग कॅटेगाट समुद्रातल्या येल्म नावाच्या बेटावर गढी बांधून तिथून डेन्मार्कला त्रास देत राहिला आणि १२९३ मध्ये वारला. खून त्यानेच केला का यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही, पण सेनेचा प्रमुखच राजाच्या खुनात दोषी ठरतो यावरून तो हुद्दा किती ताकदीचा होता ते दिसतं. मार्स्क हा राजाचा नोकर कमी आणि सरदारांचा माणूस जास्त होता.

पुढे त्याचं रिग्समार्स्क झालं, राज्याचा मार्शल, आणि तो राजाला वेसण घालणाऱ्या सरदारांच्या मंडळात बसायचा. ही व्यवस्था मोडली ती स्वीडनने. १६५७ च्या ऑक्टोबरात स्वीडिश सैन्याने जटलंडमधला फ्रेडरिक्सओडं किल्ला हल्ला करून घेतला, रिग्समार्स्क आंदर्स बिल्लं जबर जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला आणि थोड्याच दिवसात गेला. मग तो हिवाळा असा पडला की बेटांमधला समुद्र गोठला, स्वीडनचा राजा सैन्य घेऊन बर्फावरून चालत कोपनहेगनच्या दिशेने आला आणि फेब्रुवारी १६५८ मध्ये रॉस्किल्डच्या तहात डेन्मार्कला स्कोनं, हालांड, ब्लेकिंगं हे सगळे प्रांत सोडावे लागले. आज तो दक्षिण स्वीडन आहे.

त्यानंतर स्वीडनचा पुन्हा कोपनहेगनला वेढा पडला तेव्हा शहर वाचवणारा माणूस होता हान्स शाक, आणि तो डॅनिश नव्हताच, लाउएनबुर्गचा जर्मन, त्याआधी फ्रेंचांच्या बाजूने लढलेला. फेब्रुवारी १६५९ मध्ये त्याने शहरावरचा हल्ला परतवला आणि १४ नोव्हेंबरला नायबॉर्गला स्वीडिश फौज मोडली. १६६० मध्ये राजा तिसऱ्या फ्रेडरिकने सरदारांची सत्ता काढून स्वतःची वंशपरंपरागत राजेशाही आणली, त्या सगळ्या उलथापालथीत शाकचं सैन्य राजाच्या पाठीशी होतं. रिग्समार्स्कचं जुनं महत्त्व संपलं, शाक सरसेनापती झाला आणि त्याला जे घर मिळालं ते म्हणजे मोगेलटोंडरचं शाकेनबॉर्ग. माझ्या मते या सगळ्या कथेतलं खरं वळण हेच. त्याआधी हुद्दा घराण्याचा होता, त्यानंतर तो राजाने ज्याला द्यायचा त्याला, मग तो कुठल्याही देशाचा का असेना.

आणि पुढची शंभरेक वर्षं तसंच चाललं. फील्ड मार्शल बरेचसे जर्मन, सैन्यातले हुकूमही जर्मन भाषेत. म्हणजे जटलंडच्या शेतकऱ्याच्या पोराला जर्मन हुकुमावर डावं उजवं करावं लागायचं, विचार करा!

यातला मला सगळ्यात लक्षात राहिलेला माणूस फ्रेंच आहे, काउंट द सँ-जर्मं. फ्रेंच सैन्यात वरच्यांशी भांडून बाहेर पडला आणि डेन्मार्कने त्याला थेट फील्ड मार्शल केलं. १७६२ मध्ये रशियात तिसरा पीटर गादीवर आला, त्याला डेन्मार्ककडून आपल्या घराण्याचा होल्स्टाइन-गोटॉर्पचा जुना हिशोब चुकता करायचा होता, रशियन सैन्य निघालंही, सँ-जर्मं डॅनिश सैन्य घेऊन उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमध्ये जाऊन उभा राहिला आणि तेवढ्यात बातमी आली की पीटरला त्याच्याच बायकोने, म्हणजे कॅथरीनने, पदावरून काढलं. लढाई झालीच नाही. पण तयारीचा खर्च झालाच होता, तो भरून काढायला १२ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला १ रिग्सडालर कर बसवला आणि नॉर्वेत, जे तेव्हा डॅनिश राजाकडेच होतं, १७६५ मध्ये बर्गनला शेतकरी आणि मच्छीमार त्यावरून अधिकाऱ्यांवर चालून गेले. सँ-जर्मंने सैन्यात सुधारणा करायचा खूप प्रयत्न केला, दरबारी राजकारणात अडकला, परत गेला, डॅनिश पगारातून साठवलेले पैसे बुडाले आणि मग १७७५ मध्ये फ्रान्सचा युद्धमंत्री झाला.

परक्यांबद्दलची चीड तोवर साचलेली होतीच. १७७० च्या दशकात हुकमाची भाषा डॅनिश झाली आणि १७७६ च्या कायद्याने सरकारी पदं राज्यात जन्मलेल्यांसाठी राखली गेली. पण सगळ्यात वरच्या माणसाला हे लागू पडलं नाही. हेसंचा प्रिन्स कार्ल, जर्मन राजपुत्र, राजाचा मेव्हणा आणि पुढे सहाव्या फ्रेडरिकचा सासरा, तो फील्ड मार्शल राहिलाच. १७८८ मध्ये नॉर्वेतून स्वीडनवर त्याने जी मोहीम काढली तिला लोक रानबोरांचं युद्ध म्हणतात, कारण सैनिकांना खायला तेवढंच मिळालं, लढाईत मेले त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त आजाराने गेले. तो स्वतः १८३६ मध्ये ९१ व्या वर्षी वारला.

नंतर फील्ड मार्शल मागे पडत गेला. १८१४ ला नॉर्वे गेलं, १८४५ ला आपल्याकडचं तरंगमबाडी इंग्रजांना विकलं, मोठं राज्य राहिलंच नव्हतं. १८६४ च्या युद्धात हे समोरासमोर दिसतं. समोर प्रशिया आणि ऑस्ट्रियाचा सेनापती फील्ड मार्शल व्रांगेल, ७९ वर्षांचा, आणि इकडे लेफ्टनंट जनरल द मेझा, ७२ वर्षांचा, पोर्तुगीज ज्यू घराण्यातला, संगीताचं वेड असलेला. डॅनवर्क ही डॅनिश लोकांच्या मनातली हजार वर्षांची तटबंदी, आणि ५ फेब्रुवारीच्या रात्री बर्फात द मेझाने ती सोडून सैन्य मागे घेतलं, कारण पाणथळ जागा गोठल्या होत्या आणि घेरले जायची भीती होती. कोपनहेगनमध्ये लोक संतापले, त्याला सेनापतीपदावरून काढलं. सैन्य वाचवलं हे बरोबरच होतं असं आज बहुतेक अभ्यासक मानतात आणि मलाही तेच पटतं. त्याच्यावर अन्याय झाला.

९ एप्रिल १९४० ला जर्मनी घुसलं तेव्हाही आर्मीचा प्रमुख प्रायर लेफ्टनंट जनरलच होता. पहाटे राजवाड्यात तो लढूया म्हणत राहिला, राजा आणि सरकारने ऐकलं नाही, दोनेक तासांत सगळं संपलं.

आजची रचना त्यानंतरची. १९४९ ला नाटो, १९५० ला तिन्ही दलांवर एकच संरक्षणप्रमुख, पहिला ॲडमिरल क्विस्टगॉर. चार स्टार त्या एका खुर्चीला चिकटले आणि आर्मीप्रमुखाचा हुद्दा खाली सरकला. अपवाद एकच मोठा, राजा. दहावा फ्रेडरिक १४ जानेवारी २०२४ ला गादीवर आला आणि त्याच दिवशी जनरल आणि ॲडमिरल दोन्ही झाला.

त्यानंतर तीनच महिन्यांत एप्रिल २०२४ मध्ये संरक्षणप्रमुख असलेले एअरफोर्सचे जनरल फ्लेमिंग लेंटफर यांना संरक्षणमंत्र्यांनी पदावरून काढलं, लाल समुद्रात इव्हर ह्विटफेल्ट या युद्धनौकेच्या यंत्रणेत झालेला बिघाड मंत्र्यांना कळवला नाही म्हणून. त्यांच्या जागी आले ते मिकाएल हुल्डगॉर, आर्मीचे.