डीफ्रॅग: डिस्कची तुकडेजोड

एकाच फाइलचे डिस्कवर विखुरलेले तुकडे हलवून सलग जागी आणणे म्हणजे डीफ्रॅग. विदर्भातल्या खेड्यात ही कल्पना नवी नाही. एक वावर नाल्याकडे, दुसरे पांदणीच्या टोकाला, तिसरे गावाला लागून असले की मशागतीपेक्षा ये-जाच जास्त होते. शेतजमिनीच्या तुकडेबंदी-तुकडेजोडीचा कायदा 1947 चा. डिस्कच्या तुकडेजोडीची सोय मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एमएस-डॉस या संगणक प्रणालीत 1993 साली, सहाव्या आवृत्तीत आली.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते. वाचणारे डोके पुढच्या तुकड्यापर्यंत सरकून तबकडी फिरून तिथे येईतो 10 ते 15 मिलिसेकंद जातात. शंभर तुकड्यांच्या फाइलमागे एक-दीड सेकंद नुसत्या धावपळीचा. गावातल्या सेवा केंद्राच्या जुन्या डेस्कटॉपवर सातबारे, पीकविम्याचे अर्ज, आधारकार्डांचे स्कॅन रोज साठवले नि पुसले जातात. पुसल्याने पडलेल्या फटींत नवी फाइल तुकड्यांनी बसते. डिस्क भरत आली की जास्तच. विंडोज एक्सपीत डीफ्रॅग लावले की तुटक फाइली लाल पट्ट्यांत दिसत आणि रांगेतला माणूस विचारी, “लाल कमी झालं का बे?” पूर्ण तुकडेजोडीला त्यात 15 टक्के जागा रिकामी लागे. पट्ट्यांचे हे चित्र विंडोजच्या पुढच्या, व्हिस्टा आवृत्तीपासून गेले, ते जायला नको होते.

एसएसडीत, म्हणजे चिपांवर साठवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसते. तुकडा कुठेही असला तरी जवळपास तेवढ्याच वेळात हाती येतो. उलट तिच्या पेशींवर ठरावीक वेळाच लिहिता येते, म्हणून हाताने डीफ्रॅग करणे म्हणजे तिचे आयुष्य फुकट झिजवणे. तिला हवे असते ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा खरोखर रिकामी आहे हे डिस्कला कळवणे. ही सोय विंडोज 7 मध्ये, 2009 साली आली. विंडोज 8 पासूनचे ‘ऑप्टिमाइझ’ डिस्कचा प्रकार स्वतः ओळखून आठवड्याला काम उरकते. ते वेळापत्रक बंद करू नये.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डाला डीफ्रॅग नको. लिनक्सच्या ईएक्सटी 4 या फाइल-मांडणीवर गरज क्वचितच पडते.

भारनियमनाची वेळ टाळून, शक्यतो इन्व्हर्टरवर डीफ्रॅग लावावे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल-मांडणीत मध्येच वीज गेली तरी सहसा निभावते, जुन्या फॅट 32 मांडणीवर धोका अधिक. डिस्क टक्-टक् वाजत असेल तर मात्र डीफ्रॅगचे नावही काढू नये. आधी सगळे दुसरीकडे उतरवून घ्यावे.