मुरगळलेल्या घोट्याचे गुणपत्रक

'ट्रेनर' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर व्यायामशाळेत वजने उचलून घेणारा माणूस येतो, आणि त्यामुळे अमेरिकेतील 'अ‍ॅथलेटिक ट्रेनर' या व्यवसायाविषयी आपल्याकडे हमखास गैरसमज होतो. शाळा, महाविद्यालये आणि व्यावसायिक संघ यांच्या मैदानांवर हजर राहून जखमी खेळाडूची तपासणी व प्रथमोपचार करणारा आणि तो खेळात परत येईपर्यंत त्याचे पुनर्वसन पाहणारा हा आरोग्यसेवक आहे. या मंडळींची राष्ट्रीय संघटना 1950 साली कॅन्सस सिटीत स्थापन झाली, 1990 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यांच्या व्यवसायाला मान्यता दिली, आणि आज तेथील जवळजवळ सर्व राज्यांत त्याचे कायद्याने नियमन होते. त्यांच्या उपचारांनी रुग्ण नेमका किती बरा होतो हे शोधण्यासाठी स्वतंत्र पैसा लागतो. तो का लागतो हे मापनाच्या गणितातून जितके स्वच्छ कळते तितके दुसऱ्या कशातूनही कळत नाही, म्हणून हा लेख.

घोट्याचेच उदाहरण घेऊ. पाय आतल्या बाजूला वळला की घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. आपण त्याला पाय मुरगळला म्हणतो आणि चार दिवसांत विसरून जातो. डब्लिनमधील संशोधकांनी पहिल्यांदाच घोटा मुरगळलेल्या रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, वर्ष उलटल्यावर सुमारे 40 टक्के लोकांचा घोटा अस्थिरच राहिला होता. सूज उतरलेली असते, टेपने मोजलेला घेर पूर्ववत झालेला असतो, ट्रेनरच्या वहीत 'बरा' अशी नोंद झालेली असते, आणि तरीही उडी मारून खाली येताना त्या खेळाडूला पायाचा भरवसा वाटत नाही. हा भरवसा मोजायचा असेल तर रुग्णालाच विचारावे लागते.

त्यासाठी 2005 साली प्रसिद्ध झालेली 'फूट अँड अँकल अ‍ॅबिलिटी मेझर' ही प्रश्नावली वापरतात. तिच्या खेळविषयक भागात आठ प्रश्न आहेत: पळणे, उडी मारणे, उडीनंतर जमिनीवर येणे, झटकन थांबणे व सुटणे, बाजूला वळणे इत्यादी. प्रत्येक उत्तराला 'अजिबात जमत नाही' यासाठी 0 पासून 'काहीच अडचण नाही' यासाठी 4 पर्यंत गुण असतात. एकूण 32 पैकी मिळालेले गुण मग टक्क्यांत मांडले जातात.

समजा, व्हॉलीबॉल खेळणारी सोळा वर्षांची एक मुलगी तपासणीच्या बाकावर पाय लांब करून बसली आहे आणि पेन्सिलीने खुणा करते आहे. पहिल्या आठवड्यात तिला 32 पैकी 17, म्हणजे 53 टक्के गुण मिळतात. दोन आठवड्यांनी ती पळणे, उडी आणि वळणे या तीन प्रश्नांत एकेक पायरी वर जाते. आता 20, म्हणजे साडेबासष्ट टक्के. शंभरपैकी सुमारे साडेनऊ गुणांची ही सुधारणा खरी मानायची का?

या प्रश्नाला दोन वेगवेगळी उत्तरे आहेत. रुग्णाला स्वतःला जाणवेल असा सर्वांत लहान फरक या भागासाठी 9 गुणांचा ठरवण्यात आला आहे. त्या हिशेबाने मुलगी बरी होते आहे. पण ज्याच्या घोट्यात काहीच बदल झालेला नाही अशा माणसाकडून हीच प्रश्नावली दोनदा भरून घेतली तरी गुण तंतोतंत जुळत नाहीत, कारण झोप, मनःस्थिती, आदल्या दिवशीचा सराव यांमुळे उत्तरे हलतात. एका मापनातील ही प्रमाणित चूक सुमारे साडेचार गुणांची आहे. फरक काढताना आपण दोन मापने वापरतो आणि दोन्हींत चूक असते. या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असल्यामुळे त्या सरळ मिळवायच्या नसतात, तर त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचे असते. म्हणून साडेचारला 2 च्या वर्गमुळाने, म्हणजे 1.41 ने गुणायचे. पुढे 95 टक्के खात्री हवी म्हणून 1.96 ने गुणले की सुमारे 12 गुण येतात. मूळ अभ्यासात हा आकडा 12.3 दिला आहे. म्हणजे या मुलीला जाणवू शकणारा 9 गुणांचा फरक मापनाच्या 12 गुणांच्या गोंगाटात बुडून जातो, आणि एकट्या ट्रेनरने एकाच खेळाडूचा कागद कितीही बारकाईने पाहिला तरी त्याला खात्रीने काही सांगता येत नाही.

पण असेच शंभर खेळाडू एकत्र घेतले तर त्यांच्या सरासरीतील मापनाची ही चूक शंभराच्या वर्गमुळाने, म्हणजे दहापटीने घटते आणि 12 गुणांचा गोंगाट सव्वा गुणावर येतो. वर्गमुळाचा हा नियम मला विलक्षण सुंदर वाटतो, कारण जे एकाला दिसत नाही ते सर्वांना मिळून दिसते. मात्र एका शाळेत एकाच प्रकारचे शंभर रुग्ण जमायला कित्येक वर्षे लागतील. म्हणूनच अमेरिकेत अनेक शाळा-महाविद्यालयांतील ट्रेनरांच्या रुग्णनोंदी एकाच पद्धतीने एकत्र करणारे, ए. टी. स्टिल विद्यापीठातून चालवले जाणारे संशोधन-जाळे उभे राहिले. अशा जाळ्याला संगणकप्रणाली, नोंदी तपासणारी माणसे आणि संख्याशास्त्रज्ञ लागतात, आणि त्यांचे पगार कोणत्याही रुग्णाच्या बिलात बसत नाहीत.

संख्या वाढवूनही एक दोष जात नाही. खेळाडू ट्रेनरकडे दुखणे सर्वाधिक असते तेव्हा येतो, आणि चढउतार होणारी कोणतीही गोष्ट शिखरावर असताना मोजली तर पुढच्या वेळी ती सरासरीकडे परतलेली दिसण्याचीच शक्यता जास्त असते. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्यायची आपल्याकडची समजूत याच नियमावर तगून आहे. उसण बहुधा काही दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय लाथेला मिळते. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या अंगावर दिसलेल्या, कपिंगच्या म्हणजे त्वचेवर पेले चिकटवून ती ओढून धरण्याच्या उपचाराच्या लालसर वळांनी जगभर जी लाट आली, तिलाही हीच कसोटी लावायला हवी होती. पूर्वीचे आणि नंतरचे गुण पुरेसे नाहीत. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून त्यांची तुलना करावी लागते.

तसा अभ्यास स्वीडनमध्ये झाला. गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध नुकताच फाटलेल्या, 18 ते 35 वर्षे वयाच्या 121 जणांपैकी 62 जणांवर पुनर्वसनासोबत लवकर शस्त्रक्रिया करायची आणि 59 जणांना आधी फक्त व्यायामाधारित पुनर्वसन देऊन शस्त्रक्रिया गरज पडली तरच करायची, असे ठरले. 2010 साली दोन वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: रुग्णांनी भरलेल्या प्रश्नावलीत पहिल्या गटाची सुधारणा सरासरी 39.2 गुणांची, तर दुसऱ्याची 39.4 गुणांची. पाच वर्षांनंतरही दुसऱ्या गटातील जवळजवळ निम्म्या लोकांना त्या शस्त्रक्रियेची गरज पडलेली नव्हती.

या उत्तरातून विकण्याजोगी कोणतीही वस्तू निघत नाही. पट्टा, यंत्र किंवा मलम बनवणाऱ्या कंपनीला आपल्या मालाच्या चाचणीवर खर्च करण्याचे कारण असते. व्यायाम आणि थोडी वाट पाहणे यांचा उत्पादक कोणीच नसतो. असे प्रश्न सरकारी निधीकडे, विद्यापीठांकडे आणि व्यावसायिक संघटनांकडेच येतात. अमेरिकेतील ट्रेनरांच्या संघटनेचे स्वतःचे संशोधन प्रतिष्ठान अनुदाने देते, आणि 2010 च्या आरोग्यकायद्याने रुग्णांना महत्त्वाचे वाटणारे परिणाम तपासण्यासाठी एक स्वतंत्र संस्थाही निर्माण केली.

यातला सर्वांत जड खर्च रुग्णाला पुन्हा गाठण्याचा असतो. स्वीडनच्या अभ्यासात पाच वर्षांनंतर 121 पैकी 120 जणांची माहिती मिळाली, कारण ते काम कोणाला तरी पगार देऊन नेमून दिलेले होते. आपली व्हॉलीबॉलपटू मुलगी मात्र वर्षभरात शाळा सोडून दुसऱ्या गावी शिकायला गेलेली असेल, आणि दिवसभर दुसऱ्या खेळाडूंचे घोटे बांधणाऱ्या ट्रेनरकडे तिचा नवा फोन नंबर शोधून ते आठ प्रश्न पुन्हा विचारायला वेळ नसेल.