सफरचंदाच्या लाकडाच्या धुरात सफरचंद नसते

मांसाला धुरी देण्यासाठी विकल्या जाणाऱ्या लाकडी ढलप्यांच्या पाकिटावर बहुधा सफरचंदाचे किंवा चेरीचे रसरशीत चित्र असते, आणि फळाची चव लाकडातून धुरात व धुरातून मांसात उतरते असा समज त्यामुळे पक्का होतो. हा समज चुकीचा आहे. सफरचंदाचा सुवास मुख्यतः एस्टर नावाच्या, सहज उडून जाणाऱ्या संयुगांचा असतो. ती फळ पिकताना फळातच तयार होतात; खोडात त्यांचा साठा नसतो आणि असता तरी धुमसत्या लाकडाच्या उष्णतेत तो टिकला नसता. तरीही फळझाडांचे लाकूड धुरीसाठी खरोखरच उत्तम असते. त्याचे कारण फळात नसून लिग्निनमध्ये आहे.

लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तीन पदार्थांचे बनलेले असते. पहिले दोन म्हणजे शर्करेच्या रेणूंच्या साखळ्या, आणि लिग्निन म्हणजे त्या साखळ्यांना धरून ठेवणारे, झाडाला ताठपणा देणारे द्रव्य. लाकूड तापले की साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हेमिसेल्युलोज प्रथम तुटते आणि त्यातून अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, बाहेर पडते. त्यानंतर सेल्युलोज तुटते. या दोहोंपासून बनणाऱ्या काही संयुगांना जळत्या साखरेसारखा वास असतो. ज्याला ‘फळाचा गोडवा’ म्हटले जाते, त्यात या वासाचा वाटा मोठा आहे. लिग्निनचे विघटन मात्र तापमानाच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात रेंगाळत चालते.

लिग्निनचा रेणू ज्या एककांचा बनतो, त्या प्रत्येकात सहा कार्बन अणूंचे एक कडे असते. या कड्यावर ऑक्सिजनचा एक अणू असतो आणि त्याच्या शेजारच्या जागी मिथॉक्सी हा छोटा अणुगट बसलेला असतो. पाइनसारख्या सूचीपर्णी झाडांत बहुतेक एककांच्या एकाच बाजूला असा गट असतो. सफरचंद, चेरी, पीच, पेअर या गुलाबाच्या कुळातील झाडांत, आणि एकूणच रुंद पानांच्या झाडांत, बऱ्याच एककांच्या दोन्ही बाजूंना तो असतो. दोन्ही जागा अडल्यामुळे अशा एककाला शेजाऱ्याशी कार्बन-कार्बन हा चिवट बंध जोडायला कमी वाव उरतो. त्याचे बहुतेक बंध ऑक्सिजनमार्फत जोडलेले असतात आणि उष्णतेने ते तुलनेने सहज तुटतात. एका मिथॉक्सी गटाच्या एककातून ग्वायकॉल मिळते, दोन गटांच्या एककातून सिरिंगॉल. धुरकट चव मुख्यतः ग्वायकॉलची आणि धुरकट सुगंध मुख्यतः सिरिंगॉलचा, असे स्थूलमानाने म्हणता येते. यांच्यासोबत व्हॅनिलाचा सुगंध देणारे व्हॅनिलिन आणि लवंगेच्या वासाचे युजेनॉल हेही लिग्निनमधूनच सुटतात. लवंगेचे झाड न पाहिलेल्या माणसालाही लवंगेचा वास ओळखता येतो, तसा हा वास ओळखायला झाडाचे फळ चाखलेले असावे लागत नाही.

पाइनचे लाकूड टाळले जाते, त्यामागे त्यातील राळ हे मोठे कारण आहे. ती जळताना काजळी धरते आणि मांस कडवट होते. सफरचंद आणि चेरी यांच्या धुरात फरक असतो, पण लाकडातील ओलावा, हवेचा पुरवठा आणि आगीचे तापमान बदलल्याने पडणारा फरक माझ्या मते त्याहून मोठा असतो. ढलप्या पाण्यात भिजवण्याचा सल्लाही फारसा उपयोगी नाही, कारण पाणी आत खोल मुरत नाही आणि ते उडून जाईपर्यंत धुराऐवजी नुसती वाफ निघते.

चेरीच्या कुळातील झाडांच्या पानांत व बियांत सायनाइड निर्माण करू शकणारी संयुगे असतात, म्हणून त्यांच्या लाकडाचा धूर विषारी असतो, असेही सांगितले जाते. चेरीची कोमेजलेली पाने खाऊन गुरांना विषबाधा होते हे खरे आहे, पण त्यावरून नीट वाळवलेल्या लाकडाच्या धुराबद्दल असा निष्कर्ष काढता येत नाही.

खरी काळजी घ्यायला हवी ती बेंझो(ए)पायरीनसारख्या कर्करोगकारक संयुगांची. ती कोणत्याही लाकडाच्या धुरात असू शकतात, मग ते फळझाडाचे का असेना. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०१४ पासून धुरावलेल्या मांसातील बेंझो(ए)पायरीनची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅमवरून २ मायक्रोग्रॅमवर आणली. आग भडकली, तापमान ४०० अंशांच्या बरेच वर गेले किंवा मांसातील चरबी निखाऱ्यांवर ठिबकली, की या संयुगांचे प्रमाण वाढते. म्हणून लाकूड धुमसत ठेवावे आणि मांस निखाऱ्यांच्या थेट वर टांगू नये.