फरदड व सहकार्याचा पेच

फरदड : कापसाचा नेहमीचा हंगाम डिसेंबरअखेर आटोपल्यावरही पऱ्हाटी (कपाशीची झाडे) न उपटता, जमेल तसे पाणी-खत देऊन, फेब्रुवारी-मार्चपर्यंत आणखी एखाददोन वेचे घेण्याची पद्धत. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला अशा विदर्भाच्या कापूसपट्ट्यात ती रूढ आहे. स्वतःचा फायदा आणि सगळ्यांचे हित यांतली ओढाताण अभ्यासणाऱ्या खेळ सिद्धांताला याहून बोलके उदाहरण शेतीत क्वचितच सापडेल.

पेचाच्या मुळाशी गुलाबी बोंडअळी आहे. ती मुख्यतः कपाशीवर जगते आणि बोंडाच्या आत राहते. बाहेरून बोंड धडधाकट दिसते. फोडले की सरकी पोखरलेली आणि रुई पिवळट, डागाळलेली निघते. फुलात शिरली तर पाकळ्या उमलतच नाहीत, त्या फुलाला डोमकळी म्हणतात. शेत डिसेंबरात मोकळे झाले की अळीचा जीवनक्रम तुटतो. फरदड उभी राहिली तर तिला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खाद्य मिळते आणि पुढच्या हंगामाला तयार बीज राहते. अळीपासून होणारे पतंग धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओळखत नाहीत, त्यामुळे एकाच्या फरदडीचा भुर्दंड शेजाऱ्यालाही बसतो.

हिशेब मांडून पाहू. समजा, लागून शेते असलेले दोन शेतकरी आहेत आणि फरदडीतून एकरी दोन क्विंटल जास्त कापूस मिळतो. पण प्रत्येक फरदडीमुळे पुढच्या वर्षी दोन्ही शेतांचे दीड-दीड क्विंटल नुकसान होते. दोघांनी पऱ्हाटी उपटली तर नफा नाही, तोटाही नाही. एकट्याने ठेवली तर त्याला निव्वळ अर्धा क्विंटल मिळतो आणि शेजारी दीड क्विंटलने बुडतो. दोघांनी ठेवली तर दोघेही एकेक क्विंटलने मागे पडतात. शेजारी काहीही करो, आपण ठेवणेच फायद्याचे. आणि म्हणूनच दोघेही तोट्यात. 1950 मध्ये मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी मांडलेल्या या रचनेला अल्बर्ट टकर यांनी दोन कैद्यांची गोष्ट जोडली, तेव्हापासून ती ‘कैद्यांचा पेच’ म्हणून ओळखली जाते.

फरदड ठेवणाऱ्याला अडाणी ठरवणारी भाषणे म्हणूनच चुकीची आहेत. डोक्यावर पीककर्ज, हाती आलेला भाव कमी. हरभरा पेरावा तर रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी थंडीत रात्र-रात्र जागल करावी लागते. अशा वेळी उभ्या पऱ्हाटीवरची चार बोंडे सोडायला कुणाचे मन होईल?

बीटी कपाशी म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेली कपाशी. तिच्या आश्रयपट्ट्यातही, म्हणजे कडेला राखायच्या साध्या कपाशीच्या ओळींतही, हाच पेच होता. बीटी कपाशीला भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली. दोन जनुकांचे वाण 2006 पासून आले. 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटीचे वेगळे पाकीट मिळे. ते शेताच्या कडेने पेरायचे, म्हणजे तिथले साधे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी संकर करतील आणि प्रतिकार पसरायला वेळ लागेल, अशी योजना होती. पण कडेच्या ओळींतले नुकसान पेरणाऱ्याचे आणि लाभ साऱ्या शिवाराचा. बहुतेकांनी ते पाकीट पेरलेच नाही. अळीने दोन्ही जनुकांना दाद देणे सोडले आणि 2017 च्या हंगामात विदर्भाची कपाशी मोठ्या प्रमाणावर पोखरली गेली. पुढे बिगर-बीटी बियाणे त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली. पेरायचे की नाही हा प्रश्नच तिने शेतकऱ्यापुढून काढून घेतला.

खेळ एकदाच संपणारा नसेल तर सहकार्य टिकू शकते, हे राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर भरवलेल्या स्पर्धांतून दाखवले. त्यात अनातोल रापोपोर्ट यांची ‘जशास तसे’ ही चाल जिंकली : आधी सहकार्य, मग समोरचा वागेल तसे. शेजारी तर पिढ्यान्‌पिढ्यांचे, मग इथे ती का चालत नाही? कारण बदला म्हणून आपणही फरदड ठेवली तर शिक्षा एकट्या दोषी माणसाला होत नाही, सगळ्या शिवाराला होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे काम इथे जास्त उपयोगी आहे. लोकांनी स्वतः ठरवलेले नियम, आपसांतली देखरेख आणि हळूहळू वाढणारा दंड यांवर सामायिक साधने टिकतात, हे त्यांनी दाखवले. त्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

तशी एक रीत विदर्भात जुनीच आहे. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम उरकला, की शेतात गुरे-शेळ्या सोडल्या जात. उरलीसुरली किडकी बोंडे जनावरे फस्त करीत आणि एकट्याने पीक उभे ठेवणाऱ्याला राखण परवडत नसे. ओलिताच्या सोयी वाढल्या, गुरे कमी झाली, तशी ही आपोआप चालणारी शिस्त सैल पडली. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात आश्रयपट्टा, बीटी वाण आणि वांझ पतंग सोडण्याची मोहीम शेतकऱ्यांनी एकत्र राबवली. 2018 मध्ये तो देश गुलाबी बोंडअळीमुक्त जाहीर झाला.

मात्र एका गावाने ग्रामसभेत तारीख ठरवून सगळी पऱ्हाटी काढली, तरी धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीत आणि जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात पडलेल्या सरकीत अळ्या सुप्त राहतात. त्यासाठी जिनिंगमध्येही कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावे लागतात, आणि तो खर्च जिनिंगमालकाच्या वाट्याला येतो.